चालणाऱ्याचा शिधा

कार्तिकातली गोष्ट. धानाची कापणी निम्म्यावर आली होती आणि मी ब्रह्मपुरीहून वैनगंगेचा पूल ओलांडून वडशामार्गे कुरखेड्याकडे चाललो होतो. वाटेत इंग्लंडातल्या भाचीचा निरोप आला. मोरोक्कोच्या वाळवंटात ती पाच दिवसांत शंभर किलोमीटर चालणार होती, हत्तींच्या संवर्धनासाठी पैसे उभे करायला. ओळखीच्या प्रत्येकानं तिच्या वाटचालीचा थोडा भाग आपल्या अंगावर घ्यायचा, किलोमीटरमागे ठरावीक पौंड द्यायचे. ‘मामा, तू किती किलोमीटर घेशील?’ मी दहा घेतले. पोरगी जन्मानं आणि वाढीनं तिकडची. तिनं रानातला हत्ती एकदाही पाहिलेला नाही आणि तरी त्याच्यासाठी पाय झिजवायला निघाली आहे, याचं मला मनापासून कौतुक वाटलं.

त्या रात्री ज्या शेतकऱ्याकडे मुक्काम केला, त्याच्या बांधीतून काही वर्षांपूर्वी हत्तींचा कळप गेला होता. हा प्रसंग तो अजून तपशिलानं सांगतो. पहिल्या रात्री सगळं गाव हात जोडून उभं राहिलं, कारण गणपतीच दारी आला होता. दुसऱ्या रात्री बांधावर रचलेले धानाचे पुंजणे विस्कटले गेले. तिसऱ्या रात्री शेजारच्या घराची मातीची भिंत पडली, कारण आत मोहफुलं साठवलेली होती. मग जागली सुरू झाली: टेंभे, डबे, फटाके, आणि लहान पोरांना घेऊन शाळेच्या पक्क्या खोलीत झोपणं. हे सांगताना त्याच्या आवाजात राग नव्हता. ‘चालत आले होते बिचारे, त्यांनाही कुठंतरी जायचंच होतं,’ एवढंच तो म्हणाला. थोड्या वेळानं पुढे म्हणाला, ‘पण त्यांचं जेवण माझ्या एकट्याच्या अंगावर पडलं.’

हे वाक्य डोक्यात फिरत राहिलं आणि झोप आली नाही. भाचीच्या प्रत्येक किलोमीटरमागे कुणीतरी स्वखुशीनं उभं होतं. हत्तीच्या किलोमीटरमागेही कुणीतरी उभं असतंच. त्याला मात्र कुणी विचारलेलं नसतं.

ऑक्टोबर 2021 मध्ये वीसच्या आसपास हत्तींचा कळप छत्तीसगडातून गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मुरूमगाव भागात उतरला. मूळचा तो ओडिशाकडचा. तिकडची जंगलं खाणींनी, रस्त्यांनी आणि वाढत्या शेतीनं तुकड्या-तुकड्यांची झाली आणि हत्ती पश्चिमेकडे सरकत राहिले. इथे आल्यावर कुरखेडा, कोरची, आरमोरी, देसाईगंज हे तालुके त्यांच्या पायांखालचे झाले. मधे ते गोंदिया-भंडाऱ्याकडेही फिरून आले. मोठा हत्ती दिवसाला दीडशे किलोच्या घरात चारा खातो आणि चोवीसांतले पंधरा-सोळा तास खाण्यातच घालवतो. कळपाचा हिशेब केला तर दिवसाला तीन टनांपर्यंत जातो. बांबू, साल, पानं, मुळं हे सगळं रानात आहेच, पण लोंबीवर आलेलं धान हत्तीला कमी श्रमात जास्त देतं. कुठल्याही शहाण्या प्राण्यानं तेच निवडलं असतं.

हत्ती इथे परका नाही. चंद्रपूरच्या किल्ल्याच्या दरवाजांवर गोंड राजांनी हत्तीवर मात करणारा सिंह कोरला आहे. जटपुरा दरवाजातून आम्ही रोज जातो-येतो आणि वर मान करून क्वचितच पाहतो. अकबराच्या काळातल्या ‘आइने-अकबरी’त हत्ती कुठे-कुठे सापडतात त्याची यादी आहे आणि त्यात गडचिरोलीला खेटून असलेल्या बस्तरचं नाव आहे. नंतर मधली कित्येक वर्षं इथे रानटी हत्ती राहिला नाही. आमच्या पिढीला हत्ती माहीत होता तो लाकूड ओढणारा, कमलापूरच्या सरकारी छावणीतला.

भाचीच्या वाळवंटाचीही अशीच आठवण आहे. त्या वाळवंटाच्या उत्तरेला अ‍ॅटलास पर्वताच्या परिसरात एके काळी हत्ती होते. इ. स. पूर्व 218 मध्ये हॅनिबल 37 हत्ती घेऊन आल्प्स ओलांडायला निघाला, ते बहुधा त्याच जातकुळीचे असावेत. रोमन काळात शिकार, हस्तिदंत आणि आखाड्यातल्या झुंजी यांच्यापायी ते नाहीसे झाले. ते परत आले नाहीत, येणारही नाहीत. आमच्याकडे मात्र परत आले, स्वतःच्या पायांनी, कुणी न बोलावता. ज्या भूमीतून एकदा गेलेला प्राणी स्वतः होऊन परततो, तिच्यावर जगानं किती विश्वास टाकला आहे हे मला त्या रात्री प्रथम उमगलं.

भाचीसारखं चालून मागणं आपल्याला नवीन नाही. 18 एप्रिल 1951 रोजी पोचमपल्लीत विनोबांना शंभर एकर जमीन मिळाली आणि त्यानंतर ते तेरा वर्षं पायी हिंडत जमीन मागत राहिले. डिसेंबर 1985 मध्ये वरोऱ्याच्या आनंदवनातले बाबा आमटे ‘भारत जोडो’साठी तरुणांची सायकलयात्रा घेऊन कन्याकुमारीहून निघाले. मणक्याच्या दुखण्यामुळे त्यांना स्वतःला नीट बसणंही अशक्य होतं. भामरागडजवळ हेमलकशात 1973 पासून उभा असलेला लोकबिरादरी प्रकल्प अशाच दूरच्या माणसांच्या पैशांवर वाढला. पुण्या-मुंबईत दिवाळी अंक वाचणाऱ्या कित्येक घरांतून तिथे मनिऑर्डरी गेल्या आहेत. हे वाचणाऱ्यांतही ती घरं असतील. तेव्हा दूर बसून पैसे पाठवणाऱ्याला मी कमी लेखणार नाही. आमच्या जिल्ह्यातली कितीतरी मुलं त्याच पैशांनी वाचली आहेत.

पण आपल्या परंपरेत चालण्याची दुसरी एक बाजू आहे आणि मला ती जास्त मोलाची वाटते. आळंदीहून पंढरीला निघालेला वारकरी वाटेतल्या गावांच्या जिवावर चालतो. कुणी पिठलं-भाकरी देतं, कुणी पाय दाबून देतं, कुणी नुसती ओसरी झाडून ठेवतं. गाव दिंडीची वाट पाहतं, तिथी ठाऊक असते, शिधा आधीच काढून ठेवलेला असतो. दिंडी येऊन गेल्यावर पंचनामा करायला कुणी येत नाही, कारण जे दिलं ते दानात जमा झालेलं असतं. तिथे नुकसान शब्दच लागू होत नाही.

हत्तीच्या बाबतीत आपण नेमकं उलट करतो. कळप येऊन जातो, मग शेतकरी अर्ज करतो, वनरक्षक आणि तलाठी बांधीवर येतात, चिखलातले पाय मोजतात, फोटो निघतात, कागद पुढे सरकतो. भरपाई मिळते, तिच्या रकमाही गेल्या काही वर्षांत वाढल्या आहेत. वनखात्यातली माणसं यासाठी रात्र-रात्र रानात असतात, हे मी पाहिलं आहे. तरी भरपाई म्हणजे अपघाताचा हिशेब. तिच्या मुळाशी कल्पना अशी की हत्तीनं इथे यायला नको होतं आणि तो चुकून आला. शिध्याच्या मुळाशी कल्पना वेगळी आहे: हा येणार आहे, त्याची वाट अमुक आहे, आपण आधीच काही बाजूला काढून ठेवू या. मला वाटतं, हत्तीच्या नावानं जगात कुठेही उभा राहिलेला पैसा भरपाईच्या आधी या शिध्यात पडला पाहिजे. ज्याच्या बांधीतून हत्ती चालतो तोच त्या चालण्याचा पहिला प्रायोजक आहे, आणि पैशांवर पहिला हक्क त्याचा आहे.

म्हणजे काय करायचं? याची उदाहरणं आहेत. नामिबियाच्या कोरड्या वायव्य भागात वाळवंटात राहणारे हत्ती पाण्यासाठी गावच्या टाक्या आणि पवनचक्क्या मोडत. तिथे बाहेरून येणारे स्वयंसेवक पाण्याभोवती दगडी भिंती रचतात, म्हणजे हत्तीला सोंडेनं पाणी पिता येतं आणि गावाचा पाइप शाबूत राहतो. शिवाय 1996 च्या कायद्यानं तिथल्या गावांना आपल्या भागातल्या वन्यजीवांपासून येणाऱ्या उत्पन्नावर हक्क मिळाला आणि 1998 पासून गावांच्या स्वतःच्या संस्था नोंदल्या गेल्या. तमिळनाडूत वालपराईच्या चहामळ्यांत हत्ती जवळ आले की लोकांच्या मोबाइलवर संदेश जातो आणि ठरावीक जागी लाल दिवा लागतो. अंधारात चालत घरी निघालेला मजूर तो दिवा पाहून थांबतो. निलगिरीत गुडलूरच्या आदिवासी कारागिरांनी जंगल गिळणाऱ्या घाणेरीच्या काड्या वाकवून पूर्ण आकाराचे हत्ती घडवले. ते हत्ती लंडनच्या बागांत उभे राहिले, पुढे अमेरिकेतही फिरले आणि त्यांच्या विक्रीतून पैसा उभा राहिला. घाणेरी आमच्या रानातही माजली आहे, आणि बांबू वाकवणारे हात तर गावोगाव आहेत.

वालपराईतला मोबाइलवरचा संदेश आणि तो दिवा मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात. कारण एक गोष्ट कुठल्याही शिध्यानं भरून निघत नाही. 2023 मध्ये गडचिरोलीत वनखात्याच्या एका वाहनचालकाचा हत्तीच्या हल्ल्यात जीव गेला. एप्रिल 2024 मध्ये कळपापासून सुटलेला एक नर प्राणहिता ओलांडून तेलंगणात गेला आणि दोन दिवसांत तिथल्या दोन शेतकऱ्यांना त्यानं मारलं. त्या घरांपुढे उभं राहून हत्ती पाहुणा आहे असं म्हणायची माझी हिंमत नाही. हत्तीही मरतात: ऑक्टोबर 2023 मध्ये सिंदेवाही तालुक्यात एक हत्ती विजेच्या धक्क्यानं मेला. एकमेकांची चाहूल न लागता माणूस आणि हत्ती अंधारात समोरासमोर येतात तेव्हा हे घडतं. चाहूल आधी लागावी यासाठी लागणारा पैसा फार मोठा नाही. गावातल्या चार-सहा तरुणांना वर्षभराचं मानधन, फोन, दिवे, पावसाळ्यात चालण्याजोगे बूट. ते सगळं एका वाळवंटातल्या वाटचालीच्या वर्गणीत बसतं.

इथले लोक हत्तीवर प्रेम करत नाहीत असं बाहेर कुणाला वाटत असेल, तर त्यानं कमलापूरला जावं. 2022 मध्ये कमलापूर, पातानील आणि ताडोबा इथले सरकारी हत्ती गुजरातेत जामनगरला न्यायचं ठरलं, तेव्हा गावंच्या गावं विरोधाला उठली. पातानील आणि ताडोब्याचे हत्ती गेले, कमलापूरचे राहिले. तिथे दरवर्षी हिवाळ्यात हत्तींना काही दिवसांची रजा असते. त्याला ‘चोपिंग’ म्हणतात. रानातल्या औषधी वनस्पती मोठ्या भांड्यात उकळायच्या, तो गरम काढा आणि लेप हत्तींच्या पायांना दाबून-दाबून लावायचा, म्हणजे तळव्यांच्या भेगा भरतात. पहाटेच्या धुक्यात माहूत आणि चाराकटर वाकून एकेक पाय शेकत असतात आणि एवढं मोठं जनावर डोळे मिटून उभं राहतं. चालणाऱ्याच्या पायांची निगा कशी राखायची हे या माणसांना कुणी शिकवायची गरज नाही.

भाचीची वाटचाल पार पडली. तिनं फोटो पाठवला तो सूर्यास्ताचा किंवा उंटाचा नव्हता, तिच्या टाचेला आलेल्या फोडाचा होता. उत्तरादाखल मी तिला चोपिंगचा फोटो पाठवला आणि त्याखाली हे सगळं लिहिलं: पुंजणे, जागली, आणि त्या शेतकऱ्याचं वाक्य. दोन दिवस तिचं काही आलं नाही. मग रात्री फोन आला. पुढची वाटचाल आपल्याकडे करायची म्हणते. जमा होणाऱ्या पैशांतून आधी जागलीच्या पोरांचे बूट घ्यायचे, हे तिनंच सुचवलं.

आता मी नकाशा घेऊन बसलो आहे. मुरूमगावापासून सुरुवात करायची, कुरखेड्याकडे सरकायचं, शेवट आरमोरीच्या अलीकडे. धान लोंबीवर असताना मुळीच नाही, मळणी उरकल्यावर. कळप जवळ असेल त्या दिवशी चालणं बंद, तो निर्णय गावच्या पोरांचा आणि वनरक्षकाचा. पाच मुक्काम, पाच घरं, प्रत्येक घर असं की ज्याच्या बांधीतून हत्ती गेले आहेत. पहिल्या घराला विचारायला मी परवा पुन्हा गेलो होतो. त्या शेतकऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि बायकोला हाक मारून विचारलं, ‘इंग्लंडची पोरगी येते म्हणे चालत. भात चालेल ना तिला?’