सनद आणि तळे

कायदा माणसाला कशाने बांधतो? दंडाच्या भयाने, की टाकलेल्या विश्वासाने? केंटचा राजा एथेलबर्ट आपल्या वाचकांना संत ऑगस्टीन यांच्या ५९७ मधील आगमनामुळे ठाऊक असेल. बाप्तिस्म्यानंतर त्याने आपल्या लोकांच्याच भाषेत कायदे लिहवून घेतले. चर्चची मालमत्ता चोरणाऱ्याने बारापट भरपाई द्यावी, अंगठा तोडणाऱ्याने वीस शिलिंग द्यावेत, पुढचा दात पाडणाऱ्याने सहा. अवयवांचा हा भावफलक वाचून हसू येते खरे; परंतु सूडाच्या जागी भरपाई आली, एका दातापायी घराण्यांत पेटणारे वैर विझवण्याची सोय झाली, हे थोडे नव्हे. आणि याच राजाने श्रद्धेची सक्ती मात्र कोणावरही केली नाही, असे इतिहासकार संत बीड सांगतात.

चांद्याच्या गोंड राजांत हीरशहाचा हुकूम परंपरेने सांगितला जातो. जो रान तोडून शेत करील, त्याला त्या शेताची सनद. जो तळे बांधील, त्याला त्याच्या पाण्याने भिजेल तेवढी जमीन. केंटचा राजा इजा मोजतो, चांद्याचा राजा श्रम मोजतो. तेही साखळीने नव्हे, पाण्याने! बांध कच्चा घातला तर पाणी कमी, पाणी कमी तर जमीन कमी. तपासनीस नेमण्याची गरजच उरली नाही. कायद्यात इतके शहाणपण क्वचित आढळते.

तरीही आम्हांला एक शंका छळते. ते रान रिकामे होते काय? मोहफुले वेचणारा, मध काढणारा, शिकार करणारा माणूस तेथे होताच. राजा स्वतः गोंड होता म्हणून हा प्रश्न मिटत नाही. ज्याने झाड तोडले त्याच्या श्रमाची खूण जमिनीवर उमटते. ज्याने झाड राखले त्याची उमटत नाही. त्याला सनद कोण देणार?

१९२७ च्या वन कायद्याने तर राखीव जंगलात त्यालाच गुन्हेगार ठरविण्याची वाट मोकळी केली. २००६ च्या कायद्याने हक्क ‘दिले’ असे आपण बोलतो; कायद्याचा शब्द मात्र ‘मान्यता’ असा आहे. देणारा दाता असतो, मान्य करणारा उशिरा का होईना ऋण कबूल करतो. दोहोंतले अंतर लहान नाही.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंडांच्या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्काची मान्यता मिळाली. तेथे ग्रामसभेचे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकाचाही विरोध असला, तर विषय पुढच्या बैठकीवर जातो.