अठरा पूर्ण झाल्यावर

बौद्धिक दिव्यांग मुलांच्या पालकांची बैठक कुठेही भरो, चहाच्या वेळी विषय निघतो तो एकच: आमच्या पश्चात याचं काय? अठराव्या वर्षापर्यंत सरकारकडे काहीतरी उत्तर असतं. अनुदानित विशेष शाळा असते, ती निवासी असेल तर मुलामागे अनुदान असतं, अनाथ मुलाला बालगृह असतं. पुढे बाल न्याय अधिनियमाने अनुरक्षणाची, म्हणजे बालगृह सोडल्यानंतरच्या आधाराची, सोय ठेवली आहे, ती एकविसापर्यंत, अपवाद म्हणून तेविसापर्यंत. नोकरी शोधून बाहेर पडणाऱ्या मुलासाठी हा हिशेब ठीक आहे. ज्याला घास भरवावा लागतो त्याचं तेविसाव्या वाढदिवशी काय बदलतं? अमरावती जिल्ह्यात वझ्झरला बेवारस दिव्यांग मुलं वाढवणारे शंकरबाबा पापळकर वर्षानुवर्षं हेच विचारत आले आहेत. 2024 साली त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हाही मागणी तीच होती: या मुलांना अठरानंतरही तिथेच राहू द्या.

मोठ्या वयात मदत मिळते ती दोन वाटांनी. केंद्राच्या दिव्यांग पेन्शनचा वाटा 2012 पासून बहुतेकांसाठी महिना 300 रुपयांवर अडकला आहे, तोही दारिद्र्यरेषेखालच्या आणि 80 टक्के दिव्यांगत्व असलेल्यांनाच. महाराष्ट्राने संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांची रक्कम 2025 मध्ये दीड हजारावरून अडीच हजार केली. चांगलंच झालं, पण मोठ्या माणसाचे डायपर आणि फिटच्या गोळ्या यांतच ती संपते. दुसरी वाट संस्थेकडे जाते, मंजूर संख्येच्या हिशेबाने, आणि तीही संस्था अनुदानित असेल तर. म्हणजे माणूस घरी राहिला तर किरकोळ पेन्शन, संस्थेत गेला तर त्याच्या नावावर संस्थेला पैसा. ही जोडणीच मला चुकीची वाटते. पैसा माणसाच्या गरजेवर ठरावा आणि आयुष्यभर त्याच्याबरोबर फिरावा: आई-वडील आहेत तोवर घरी येणाऱ्या मदतनिसाच्या पगारासाठी, नंतर चार-पाच जणांच्या छोट्या घरासाठी, लागलंच तर संस्थेसाठी.

पैसा संस्थेला आणि तोही तुटपुंजा दिला की काय होतं, हे पुणे जिल्ह्याने 1994 मध्ये पाहिलं. शिरूरच्या सरकारी निवासगृहातल्या बौद्धिक दिव्यांग मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढायला सुरुवात झाली. कारण दिलं गेलं ते पाळीतल्या स्वच्छतेचं. ओरड झाली, शस्त्रक्रिया थांबल्या. नैतिक बाजूने त्यावर पुष्कळ बोललं गेलं. मला त्यातला हिशेब जास्त बोलका वाटतो. पाळी आलेल्या मुलीला दिवसातून तीन-चार वेळा स्वच्छ करायला, कपडा बदलायला, जमेल तितकं तिचं तिला शिकवायला एक बाई लागते, दर महिन्याला, वर्षानुवर्षं. शस्त्रक्रिया एकदाच. मनुष्यबळाला पैसा नसला की असल्या युक्त्या सुचतात, आणि त्या सुचणारी माणसं दुष्ट असावी लागत नाहीत.

आपल्याकडे कुटुंबच सांभाळतं, सरकार कशाला, असं म्हणणाऱ्यांनी कुटुंब म्हणजे कोण ते सांगावं. बहुतेकदा ती एक बाई असते. सत्तरीची आई चाळिशीच्या मुलाला उचलून मोरीत नेते. केरळने ‘आश्वासकिरणम्’ योजनेत अशा काळजीवाहकाला महिना 600 रुपये देऊ केले. रक्कम क्षुल्लक, पण हे काम आहे एवढं तरी मान्य झालं. पैसा भाऊबंद खातील ही भीती मात्र खरी आहे. राष्ट्रीय न्यास अधिनियम, 1999 त्यासाठीच पालकत्व स्थानिक स्तर समितीमार्फत देतो आणि पालकाकडून दरवर्षी हिशेब मागतो. तो हिशेब कुणीतरी वाचायला हवा, आणि घरी जाऊन माणूस जेवलाय का, हेही बघायला हवं. संस्थेतही पैसा खाल्ला जातोच. तिथे फक्त पावती असते.

संस्था बंदच करा, असं मी म्हणत नाही. पालकांनीच उभारलेल्या बदलापूरच्या ‘आधार’सारख्या ठिकाणी कितीतरी घरांना निश्चिंती मिळाली आहे. स्वीडनने 1997 च्या कायद्याने मोठ्या संस्था मोडीत काढल्या, पण वैयक्तिक साहाय्याचा हक्क तिथे 1994 पासूनच लागू होता. आधी मदत, मग कुलूप. आपल्या 2016 च्या दिव्यांग कायद्याचं कलम 5 समाजात राहण्याचा हक्क देतं, कलम 38 अधिक आधाराची गरज असलेल्यांनी अर्ज केल्यावर मूल्यमापन करून मदत द्यायला सांगतं. तिजोरीचा प्रश्न उरतोच. तेव्हा सगळ्यांना एकदम नको; आधी आई-वडील साठीपुढे गेलेत किंवा हयात नाहीत अशांचे कलम 38 खालचे अर्ज जिल्ह्याजिल्ह्यांत भरून घ्यावेत आणि मंजूर मदतीची रक्कम संस्थेच्या नव्हे, त्या माणसाच्या खात्यावर टाकावी.