तकदीर कोणाच्या तोंडी?

रुस्तुम-सोहराबची कहाणी ऐकून माणूस हळहळतो आणि म्हणतो, ‘मुकद्दरातच होतं, कोण काय करणार?’ फिर्दौसीचा ‘शाहनामा’ इ.स. १०१० मध्ये पुरा झाला; पण बापाच्या हातून नकळत मुलगा मारला गेला, त्याचे उत्तर आजही आपण एवढेच देतो. मला ते पुरेसे वाटत नाही.

कथा नीट पाहा. आपल्याला मुलगा आहे, हे रुस्तुमला ठाऊक आहे. मूल झाले तर खूण म्हणून बांधायला समनगानच्या तहमीनाला मुहरा त्यानेच दिलेला. तुराणकडून एक अजब जवान चालून येतोय असे कळते, तेव्हा त्याला तो मुलगा आठवतोही. पण तो अजून लहान असेल म्हणून विचार झटकून टाकतो. सोहराबला बाप दाखवू शकेल असा त्याचा मामा रात्रीच्या अंधारात रुस्तुमच्याच एका बुक्कीने मरतो. याला हवे तर नसीब म्हणा. बापलेकांची ओळख पटू नये ही अफ्रासियाबची चाल, आणि कैदी हजीर रुस्तुमचा तंबू दाखवत नाही ही त्याची इराणशी इमानदारी. हे सगळे रुस्तुमच्या हाताबाहेरचे. पण मैदानात सोहराब समोर उभा राहून विचारतो, तुम्हीच तर रुस्तुम नाही ना? आणि रुस्तुम साफ नाही म्हणतो! तिथे कोणत्या तकदीरीने त्याची जीभ धरली होती? पुढे सोहराबने त्याला खाली घातले, तेव्हा पहिल्या पाडावाला मारायचा रिवाज नाही अशी थाप मारून तो सुटला. स्वतःची पाळी आली तेव्हा मात्र त्याने लगेच खंजीर चालवला.

आपल्या आलिमांत हा वाद जुनाच. जब्रियांच्या मते माणूस वाऱ्यावरचे पान. कदरिया म्हणाले, कर्म माणसाचेच. इमाम अशअरींनी ‘कस्ब’चा तोडगा काढला : निर्मिती अल्लाहची, कमाई बंद्याची. मला मात्र हजरत उमर (रजि.) यांचा प्रसंग जास्त समजतो. शामकडे जाताना साथीची खबर आली आणि ते माघारी फिरले. अल्लाहच्या तकदीरीपासून पळता काय, असे हजरत अबू उबैदांनी विचारले. त्यांचे म्हणणे असे की, एका तकदीरीकडून दुसऱ्या तकदीरीकडेच चाललोय. खोऱ्याची एक बाजू हिरवी, दुसरी उजाड असेल, तर उंट कुठेही चारले तरी ती तकदीरच. पण उंट हिरव्या बाजूला हाकायचे कोणी, हे त्यांना सांगावे लागले नाही.

म्हणून मी पाहतो, हा शब्द कोण उच्चारतो. विधवा बाई ‘नसीब’ म्हणते तो तिचा सब्र असतो. मुलीला सातवीनंतर घरी बसवणारा बाप ‘तिचं नसीब’ म्हणतो तेव्हा तो हिशेब टाळत असतो. शब्द एकच, पण मला त्या बापाच्या तोंडी तो ऐकवत नाही.

शाहनाम्यातही हे दोघे भेटतात. घाव बसल्यावर सोहराब मारणाऱ्याला दोष देत नाही, हे माझ्यावर माझ्याकडूनच आले म्हणतो. मारणारा आपला बाप आहे हे त्याला अजून माहीतही नसते. मग रुस्तुम जखमेवरच्या औषधासाठी, नोशदारूसाठी, बादशहा कैकाऊसकडे माणूस पाठवतो. बापलेक एक झाले तर माझ्या तख्ताचे काय, या भीतीने कैकाऊस ते देत नाही. सोहराब मरतो. आणि मग हाच कैकाऊस रुस्तुमच्या सांत्वनाला येतो व त्याला समजावतो की आसमानाच्या फेऱ्यातून कोणी सुटत नाही.