चढा पारा

रावेर तालुक्यातल्या एका गावात स्वयंचलित हवामान केंद्र बसणार होतं. जागा ग्रामपंचायतीने द्यायची होती. केळीचा पीकविमा अशा केंद्राच्या आकड्यांवर ठरतो, त्यामुळे सभेला सारा गाव लोटला.

सरपंच आप्पा म्हणाले, "पंचायतीच्या स्लॅबवर बसवू. कुंपण नको, राखण नको. शिवाय मे महिन्यात स्लॅब असा तापतो, की पारा चढाच दिसेल. जास्त तापमानाची भरपाई मिळाली तर गावाचंच भलं!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. निवृत्त विज्ञान शिक्षक असलेले गुरुजी तेवढे उठले. "आप्पा, मला आठ दिवस द्या. मग ठरवा."

जानेवारी चालू होता. गुरुजींनी सुताराकडून झडपांच्या दोन पेट्या करून घेतल्या, त्यांना पांढरा रंग दिला आणि प्रत्येकीत किमान तापमापक ठेवला. एक पेटी स्लॅबवर आणि दुसरी गावाबाहेरच्या मोकळ्या, गवताळ माळावर, जमिनीपासून चार फुटांवर बसवली. उघडताना आत ऊन शिरू नये म्हणून दोन्हींची दारं उत्तरेला ठेवली.

त्याच आठवड्यात कडाक्याची थंडी पडली. पहाटे गुरुजी आप्पांना घेऊन माळावर गेले. नळीतली बारीक दांडी 7 अंशांवर थांबली होती. मग दोघं स्लॅबवर चढले. तिथे दांडी 10 अंशांवर होती.

"एकाच गावात तीन अंशांचा फरक?" आप्पा चकित झाले.

"सिमेंट दिवसभर ऊन साठवतं आणि रात्रभर सोडत राहतं," गुरुजी म्हणाले. "तुमच्या बागेची काय अवस्था आहे?"

आप्पांचा चेहरा उतरला. "पानं पिवळी पडलीत. निसवण अडकलीय."

"विमा थंडीचाही असतो, आप्पा. पण स्लॅबवरचं केंद्र म्हणालं असतं, एवढी थंडी पडलीच नाही. आणि हा आकडा आपल्या एकट्या गावाचा नाही, सगळ्या मंडळाचा आहे. शेजारच्या गावांनी कुणाकडे दाद मागायची?"

पुढच्या सभेत आप्पांनीच माळाचं नाव सुचवलं. गुरुजींनी आणखी एक अडचण दाखवली. माळाला लागून आप्पांचंच शेत होतं, आणि तिथे बांधापर्यंत केळी लावायचं चाललं होतं. गुरुजी म्हणाले, "केळी बारा फूट वाढते. पावसाच्या मापकापासून उंचीच्या निदान दुप्पट अंतर हवं, चौपट असेल तर उत्तम. शिवाय ठिबकवरच्या दाट बागेशेजारी हवा थंड आणि दमट राहते. तिथला आकडाही खोटाच येईल."

आप्पांनी क्षणभर हिशेब केला आणि बांधालगतची पन्नास फुटांची पट्टी मोकळी सोडली. माळावरचं गवत वेळच्या वेळी कापायची जबाबदारी पंचायतीने घेतली.

तात्पर्य : आपल्या सोयीने झुकवलेलं माप गरजेच्या वेळी आपल्याच विरुद्ध साक्ष देतं. खरा आकडा हवा असेल, तर त्याच्याभोवती मोकळी जागा सोडायची तयारीही आपलीच हवी.