स्वतः शिकणाऱ्याचा शिक्षक कोण?

हिरा गुहेत अंतिम प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांच्यावर अवतरलेला पहिला आदेश वाचनाचा होता. त्याच आयतींमध्ये, माणसाला लेखणीद्वारे शिकविणारा अल्लाहच आहे, हेही स्पष्ट करण्यात आले. शिकण्याची आज्ञा आणि खऱ्या शिक्षकाची ओळख अशी एकत्रच दिली गेली. जो स्वतःच्या प्रयत्नाने शिकतो, त्याला या दोन्ही गोष्टींची सर्वाधिक गरज असते.

बुखाऱ्याजवळ इ.स. 980 मध्ये जन्मलेले इब्ने सीना यांनी आपल्या विद्यार्जनाची हकिकत स्वतः सांगितली आहे. दहाव्या वर्षापर्यंत त्यांचे कुरआन-पठण पूर्ण झाले होते. भारतीय पद्धतीचे अंकगणित त्यांना एका भाजीविक्रेत्याने शिकविले. पुढे वैद्यकाचे ग्रंथ त्यांनी स्वतःच वाचून काढले आणि वयाच्या सोळाव्या वर्षी वैद्य त्यांच्याकडे शिकू लागले. अभ्यासात कोठे अडले, तर ते मशिदीत जात, नमाज अदा करीत आणि उकल व्हावी म्हणून अल्लाहची करुणा भाकीत.

ॲरिस्टॉटलचा एक ग्रंथ त्यांनी चाळीस वेळा वाचला. तो पाठ झाला, पण उमगला नाही. शेवटी त्यांनी आशा सोडली. एके दिवशी अस्रच्या वेळी ग्रंथबाजारात एका दलालाने एक पुस्तक पुढे केले. त्यांनी ते नाकारले. मालकाला पैशांची गरज आहे, असे कळल्यावर मात्र तीन दिरहमला विकत घेतले. ते त्याच ग्रंथावरील अल-फाराबी यांचे विवेचन होते. घरी येऊन वाचताच सारी कोडी उलगडली. दुसऱ्या दिवशी त्यांनी गोरगरिबांना भरपूर दानधर्म केला.

स्वयंशिक्षित माणसाचे वेगळेपण येथे दिसते. परीक्षेची सक्ती नसतानाही तो चाळीस वेळा वाचतो. भाजीविक्रेत्याकडून शिकण्यात त्याला कमीपणा वाटत नाही. आणि समजल्यावर तो बढाई मारीत नाही, शुक्र अदा करतो. कारण ज्या ज्ञानाला आपण 'स्वतः मिळविलेले' म्हणतो, त्यात कोणा भाजीविक्रेत्याचा, कोणा फाराबीचा वाटा असतो आणि समज देणारा अल्लाहच असतो.

याउलट कारूनचे उदाहरण पाहा. सर्व वैभव आपल्याला आपल्या ज्ञानामुळेच लाभले, असे तो म्हणाला आणि आपल्या घरादारासह जमिनीत गाडला गेला.

आज आपल्या घरांतील मुले मोबाईलवरून पुष्कळ काही शिकतात. ही मोठी देणगी आहे. परंतु दोन-चार चित्रफिती पाहून कोणी हलाल-हरामचे निर्णय देऊ लागला, शाळेचे तोंडही न पाहिलेल्या आईला अडाणी समजू लागला, तर ते ज्ञान त्याच्या विरुद्धच साक्ष देईल. जे ठाऊक नाही ते जाणकारांना विचारावे, अशी कुरआनची शिकवण आहे. आणि परिस्थितीमुळे ज्यांचे शिक्षण सुटले, त्या बंधु-भगिनींनी निराश होऊ नये. शाळेचा दरवाजा बंद झाला असेल, शिकविणाऱ्याचा नाही.

ज्ञानात वाढ मागण्याची दुआ अल्लाहने आपल्या प्रेषितांनाही शिकविली. मग आपण ती मागणे कसे थांबवावे? अल्लाह आम्हा सर्वांना लाभदायक ज्ञान आणि त्यासोबत विनम्रता प्रदान करो. आमीन.