टाळ्या संपल्यावर

नोव्हेंबर २००९ मध्ये बर्लिनच्या ‘जेएसकॉन्फ ईयू’ या परिषदेत रायन डाल या तरुण प्रोग्रामरने स्वतःचा एक प्रकल्प दाखवला. तोवर जावास्क्रिप्ट ही मुख्यतः ब्राउझरच्या आत चालणारी भाषा होती. डालने ती सर्व्हरवर चालवून दाखवली. प्रकल्पाचं नाव नोड. टाळ्या पडल्या आणि पुढच्या काही वर्षांत कंपन्यांनी नोड उचलून धरलं. आज पुण्यात किंवा बंगळुरात जावास्क्रिप्टवर पोट भरणारे आपण सगळे कुठे ना कुठे त्या भाषणाचे लाभार्थी आहोत.

जून २०१८ मध्ये तोच माणूस, त्याच शहरात, त्याच परिषदेच्या मंचावर पुन्हा उभा राहिला. या वेळी विषय होता, नोडबद्दल पश्चात्ताप वाटणाऱ्या दहा गोष्टी. ‘प्रॉमिस’, म्हणजे उशिरा येणाऱ्या उत्तराची वाट पाहण्याची नीटनेटकी सोय, त्याने फेब्रुवारी २०१० मध्ये काढून टाकली होती. ती काढायला नको होती. सुरक्षिततेचा विचार जास्त करायला हवा होता. आणि ‘नोड मॉड्यूल्स’, उसन्या कोडचं ते अवाढव्य फोल्डर, ज्याच्या वजनावर आपण मीम बनवतो, त्याबद्दल त्याने सरळ माफी मागितली. आता ते मागे घेता येणार नाही, हेही सांगितलं.

या दोन भाषणांच्या मधल्या साडेआठ वर्षांमुळे मला एक प्रश्न पडतो. मंचावरून सांगितलेल्या गोष्टीची जबाबदारी सांगणाऱ्यावर किती काळ राहते?

सोपं उत्तर असं : अजिबात नाही. ऐकणारे सज्ञान आहेत, इंजिनिअर आहेत, त्यांनी तपासून घ्यावं. पण कम्युनिटीच्या परिषदेत ऐकण्याची रीतच वेगळी असते. सेल्समनचं बोलणं आपण निम्मं वजा करून ऐकतो. इथे बोलणारा आपल्यातलाच असतो, बऱ्याचदा एक पैसाही न घेता आलेला. म्हणून इथे वजाबाकी होत नाही. त्याच्या शब्दाला जे वजन येतं, ते या विश्वासातून येतं.

शिवाय या हिशोबात न बसणारा एक माणूस असतो. समजा, एका टीम लीडने रविवारी यूट्यूबवर असं भाषण पाहिलं आणि सोमवारी नवं तंत्र प्रोजेक्टमध्ये आणलं. दोन वर्षांनी तो दुसऱ्या कंपनीत गेला. मग सांगली-जळगावहून आलेली एखादी फ्रेशर त्या कोडसमोर बसते आणि ‘मलाच जमत नाही’ असं समजून रात्री जागवते. तिने ते भाषण ऐकलेलंच नसतं. तपासून घ्यायची संधी तिला कधी मिळालीच नाही.

मग वक्त्याने सगळे धोके सांगूनच बोलावं का? तसं केलं तर कुणी काही नवं दाखवणारच नाही. २००९ मध्ये त्या फोल्डरचं पुढे काय होणार, हे डालला दिसणं शक्य नव्हतं. जे दिसत नव्हतं ते सांगितलं नाही, तर ते खोटं नव्हे. पण टू-डू लिस्टवर डेमो देणाऱ्याला एक गोष्ट त्या क्षणीही ठाऊक असते : आपण हे टू-डू लिस्टवरच चालवून पाहिलंय. ते न सांगता ‘हेच भविष्य आहे’ म्हणणं मला अप्रामाणिक वाटतं. माहीत नसणं आणि माहीत असून गाळणं, या दोन्हींना एकच माफी नाही.

जे बोलताना माहीत नव्हतं, त्याचं काय? ते कळल्यावर परत येऊन सांगायचं. डॅन अब्रामोव्हने जुलै २०१५ मध्ये पॅरिसच्या ‘रिअ‍ॅक्ट युरोप’ परिषदेत रेडक्स दाखवलं. अ‍ॅपची सगळी स्थिती एका जागी ठेवायची आणि हवी तशी मागेपुढे फिरवायची. लोक इतके भारावले, की गरज असो-नसो, जो तो रेडक्स घालू लागला. सप्टेंबर २०१६ मध्ये त्यानेच लेख लिहिला. तुम्हाला कदाचित रेडक्सची गरज नसेल, असं शीर्षकातच म्हटलं. स्वतःच्या लोकप्रिय गोष्टीला मर्यादा घालणं सोपं नसतं. इंटरव्ह्यूत रेडक्स विचारणं त्याने थांबलं नाही, पण टीममध्ये ‘हे इथे कशाला?’ विचारणाऱ्या ज्युनिअरच्या हातात एक आधार आला.

डालच्या दुसऱ्या भाषणाबद्दल कुणी म्हणेल, त्यात कसला पश्चात्ताप? त्याच भाषणात त्याने डेनो हा नवा प्रकल्पही जाहीर केला. खरं आहे. हेतू शंभर टक्के निर्मळ नसेल. तरी जुन्या चुका कर्त्याच्याच तोंडून, नावानिशी नोंदल्या गेल्या, हे उरतंच. वक्त्याने संत असावं, असा माझा आग्रह नाही. त्याने परत यावं, एवढाच आहे.

आणि परत येणाऱ्यासाठी जागा आपणच ठेवत नाही. ‘नवीन काय?’ याला आपण शिट्ट्या मारतो. ‘तीन वर्षं वापरल्यावर काय दिसलं?’ या भाषणाच्या वेळी चहाच्या रांगेत असतो. पुढच्या मीटअपला प्रश्नोत्तरांत माइक हाती आला, तर दोनच गोष्टी विचारा : हे तुम्ही स्वतः किती महिने वापरताय? आणि कुठे वापरणार नाही? वक्ता क्षणभर अडखळेल, अडखळू द्या. त्याचं उत्तर रेकॉर्ड होईल, आणि कधीतरी त्या फ्रेशरला सापडेल.