अनिकेत आणि शंभर लिटरची टाकी

आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय १२, श्लोक १९. देवाला प्रिय असलेल्या भक्ताची लक्षणं चालू आहेत. निंदा-स्तुती सारखीच, जे मिळेल त्यात समाधान, आणि मग येतो तो शब्द, अनिकेत. ज्याला घर नाही तो. माउली इथे वाऱ्याचा दाखला देतात. वाऱ्याचं कुठे एका जागी बिऱ्हाड नसतं, तसा हा भक्त.

मे महिन्यात मला वाटलं, आपणही थोडे अनिकेत झालो. आम्ही दोघांनी आठ दिवसांसाठी कॅराव्हॅन भाड्याने घेतली. (राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून डोक्यात होतं.) लालबागहून निघालो आणि देवगड तालुक्यातल्या एका वाडीत, एका आजींच्या आंब्याच्या बागेत गाडी लावली. आत पलंग, शेगडी, शॉवर. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर! दुपारी पत्रा असा तापायचा की आम्ही आजींच्या पडवीत जाऊन पडायचो, ही गोष्ट वेगळी.

दुसऱ्या दिवशी टाकी संपली. आजींनी विहीर दाखवली. मी पंप लावला, स्क्रीनवर १०० टक्के दिसेपर्यंत पाणी घेतलं. संध्याकाळी शेजारच्या दोघी आल्या. त्यांच्या कळशीत वर येत होतं ते अर्धं, गढूळ पाणी.

कोकणात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात पडतो, पण जांभ्यातून झिरपून समुद्राला जातो. मे महिन्यात कित्येक वाड्यांना टँकर लागतो. हे मला माहीत होतं. शिवाय मी चाळीत वाढलोय. ठरलेल्या वेळी येणारं पाणी, नळावरची रांग, पहिल्या कळशीवरून भांडणं. पण शेजाऱ्याचं पिंप कोरडं असताना आमच्याकडे कोणी स्वतःचं दुसरं भरत नसे. टॉवरमध्ये आल्यावर पाच वर्षांत विसरलो.

खरं सांगायचं तर मी घर सोडलंच नव्हतं. शॉवरसकट सगळी सोय बरोबर घेतली होती. सोडली होती फक्त पाण्याची पाळी आणि शेजार. कोणी म्हणेल, संन्यासीही लोकांच्याच दारात मागतो. मागतो, पण माधुकरी मागतो, दर घरातून थोडं. त्याच्या झोळीला पंप नसतो. आणि आजी? साठ वर्षं त्याच घरात राहिल्यात, मुलं परळला. तरी अनोळखी माणसाला विहीर दाखवताना त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. आम्हा तिघांत अनिकेत कोण होतं, ते मला तेव्हा कळलं.

मी त्यांची माफी मागायला गेलो. त्या म्हणाल्या, "पाणी काय माझा? देवाचा ता. पण त्या दोघींका जावन सांग."

टाकीतल्या पाण्याच्या दोन बादल्या घेऊन गेलो. एकीने हसून घेतली. दुसरी म्हणाली, "आमचा भागला," आणि दार लोटून घेतलं.

श्लोकाप्रमाणे मला दोन्ही दारं सारखीच वाटायला हवी होती. त्या रात्री बराच वेळ झोप लागली नाही.

उद्या श्लोक २०.